नस मेली, असे घाईने म्हणू नका
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा सारांश)



हाताला मुंग्या येतात, फिकट चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही, गरम पेला गरम लागत नाही. अशा वेळी आपण "नस दबली असेल" म्हणतो, तेल चोळतो किंवा दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणतो. आज याविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

हातापायांतील मज्जातंतू दुखावले, तरी ते पुन्हा वाढू शकतात. मात्र वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर! कोपराशी इजा झाली, तर बोटाच्या टोकापर्यंतचे सुमारे ४०० मिलिमीटर अंतर कापण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर स्नायू वाळून गेले, तर तंतू पोहोचूनही फारसा उपयोग नाही.

मग औषध काय करते? हा वेग खात्रीने वाढवील असे औषध अजून हाती आलेले नाही. संशोधन चालू आहे. आजची औषधे इजेचे कारण दूर करतात. बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने ते शरीरात कमी असेल तेव्हा गुणकारी ठरतात. मधुमेहात साखर आटोक्यात ठेवणे हाच मुख्य उपाय.

आपल्या विदर्भाला याचे मोठे उदाहरण ठाऊक आहे, ते कुष्ठरोगाचे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी या रुग्णांना आसरा दिला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. त्यांनी जंतू मरतात. परंतु सुजलेली नस आपल्याच आवरणात दबून निकामी होऊ शकते. तेथे प्रेडनिसोलोन ही सूज उतरवते. इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर संवेदना व बळ परत येण्याची आशा अधिक. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. मनाने एकदम सोडू नये.

कुष्ठरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरीही लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, या भीतीने चट्टा लपवला जातो आणि नेमके तेच सहा महिने हातचे जातात. उपचार सुरू झाल्यावर रोग पसरण्याची भीती उरत नाही, हे शेजारीपाजारीही सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना, दादा-दादींना विचारा: हातापायाला कोठे बधिरपणा आहे का? असेल, तर या आठवड्यातच त्यांना दवाखान्यात घेऊन जा.