धूमकेतूचा मार्ग आणि धूमकेतूचे तेज

(बुलढाणा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



आकाशात धूमकेतू येणार असल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली की खेड्यात तिचा पहिला प्रश्न शाळेच्या दारी येतो. "गुरुजी, शेंडेनक्षत्र निघणार म्हणतात; ते कधी, कोठे आणि केवढे दिसेल?" हे तीन प्रश्न एका दमात विचारले जात असले, तरी ते एका जातीचे नव्हेत. 'कधी' आणि 'कोठे' यांचे उत्तर छातीठोकपणे देता येते. 'केवढे' याचे उत्तर मात्र राखूनच द्यावे लागते. हा भेद आपणां शिक्षकांच्या मनात स्वच्छ असावा, एवढाच आजच्या माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

हा भेद विसरल्याने काय होते, ते पाहा. शिक्षकाच्या शब्दावर मुले रात्री माळावर जमतात. त्यांच्यासोबत आईबाप येतात. आकाशभर पसरलेला तेजस्वी झोत दिसेल अशी सर्वांची अपेक्षा असते आणि प्रत्यक्षात कापसाच्या पेळूएवढा फिकट ठिपका दिसतो, किंवा काहीच दिसत नाही. मंडळी हसत घरी जातात. पुढे तोच शिक्षक पाण्याच्या शुद्धतेविषयी किंवा सर्पदंशाविषयी शास्त्राची गोष्ट सांगू लागला, म्हणजे गावाला ते न दिसलेले शेंडेनक्षत्र आठवते. धूमकेतू निघून जातो. शिक्षकाच्या शब्दाला मात्र त्याच गावात राहावयाचे असते.

आपल्या देशात हा विषय नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत केतुचार या नावाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. धूमकेतूचे दिसणे व मावळणे गणिताने जाणता येत नाही, असा स्पष्ट अभिप्राय त्याने तेथे दिला आहे. त्या काळच्या साधनांचा विचार करता हा अभिप्राय प्रामाणिक होता. त्यातील अर्धा भाग पुढे गणिताने जिंकला. इंग्लंडमधील एडमंड हॅली याने १७०५ साली असे दाखविले की, १५३१, १६०७ व १६८२ या वर्षी दिसलेले धूमकेतू वस्तुतः एकच असून तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. हॅली १७४२ साली निवर्तला. परंतु १७५८ च्या नाताळच्या रात्री तो धूमकेतू खरोखरीच दृष्टीस पडला. तो प्रथम पाहणारा योहान पालिच हा जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातला एक शेतकरी होता. शेती सांभाळून आकाश वाचणारा असा मनुष्य आपल्या जिल्ह्यातही निपजू शकेल, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे देता येईल. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. ते व्यवसायाने शिक्षकच होते.

आता तेजाकडे वळू. धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ, धूळ व खडे यांचा काही किलोमीटर लांबीरुंदीचा काळसर गोळा होय. १९८६ च्या मार्च महिन्यात जिओट्टो या यानाने हॅलीच्या गाभ्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा तो सुमारे १५ किलोमीटर लांब व ८ किलोमीटर रुंद असल्याचे दिसून आले. सूर्याजवळ येताना बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ सुटते आणि गाभ्याभोवती तेजोमय आवरण व मागे पुच्छ तयार होते. आपणांस दिसते ते हे आवरण व पुच्छ. गाभा दिसत नाही.

या तेजाचा हिशेब दोन अंतरांवर अवलंबून आहे. पहिले अंतर पृथ्वीपासूनचे. ते निम्मे झाले की तेज चौपट होते. कंदील जवळ आणल्यासारखाच हा प्रकार आहे. दुसरे अंतर सूर्यापासूनचे, आणि खरी अडचण येथे आहे. धूमकेतू नुसता धोंडा असता, तर येथेही निम्म्या अंतराला चौपट तेज मिळाले असते. परंतु ऊन वाढले की वाफ व धूळ अधिक सुटते, म्हणून तेज त्याहून पुष्कळ वेगाने वाढते. पुष्कळ धूमकेतूंच्या बाबतीत ते अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते असे धरून चालतात. म्हणजे अंतर निम्मे, तर तेज सोळापट. मात्र हा घात प्रत्येक धूमकेतूचा निराळा असतो आणि तो वाटेत बदलतोही.

सातवीच्या मुलांना सोडविता येईल असे एक उदाहरण घ्या. पृथ्वी व सूर्य यांच्यामधील सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतरास एक एकक म्हणू. एक धूमकेतू सूर्यापासून ३ एककांवर असताना सापडला आणि तो अर्ध्या एककापर्यंत येणार आहे; म्हणजे अंतर सहापटीने घटणार. घात चार धरला तर तेज १२९६ पट वाढेल. तीन धरला तर २१६ पट, आणि दोनच धरला तर अवघे ३६ पट. गणितात चूक कोठेही नाही. तरीही एका अंदाजाने धूमकेतू डोळ्यांत भरावा आणि दुसऱ्याने त्याला शोधावे लागावे, एवढे अंतर पडते. अगदी दुरून आलेल्या नव्या धूमकेतूंच्या बाबतीत तर फसगतीला विशेष वाव असतो. त्यांच्या पृष्ठावरील चटकन उडून जाणारे पदार्थ सूर्यापासून दूर असतानाच उडू लागतात, म्हणून ते आरंभी फार तेजस्वी भासतात. पुढे हा साठा सरला की त्यांची वाढ मंदावते.

१९७३ साली कोहुटेक धूमकेतूचे असेच झाले. तो सूर्यापासून फार दूर असतानाच सापडला, तेव्हा शतकातील सर्वश्रेष्ठ धूमकेतू म्हणून जगभर त्याचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तो साध्या डोळ्यांनी दिसला, पण अपेक्षेच्या मानाने अगदीच फिका. २०१२ च्या सप्टेंबरात सापडलेला आयसॉन धूमकेतू २८ नोव्हेंबर २०१३ रोजी सूर्याजवळून जातानाच विस्कटून गेला. याच्या उलटही घडते. होम्स नावाचा मंद धूमकेतू २००७ च्या ऑक्टोबरात दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पटींनी उजळला आणि साध्या डोळ्यांना दिसू लागला. २०२५ च्या जानेवारीत सापडलेल्या लेमन धूमकेतूविषयी प्रारंभी फारशी आशा नव्हती; तो त्या वर्षीच्या दिवाळीच्या दिवसांत चौथ्या प्रतीच्या आसपास पोहोचला. या चारही धूमकेतूंचा मार्ग गणिताप्रमाणेच होता. गणिताला हुलकावणी दिली ती तेजाने.

आपल्या जिल्ह्यातून पाहता येण्याजोगे अलीकडील ठळक उदाहरण २०२४ सालचे आहे. चीनमधील त्सुचिनशान वेधशाळा आणि दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास दुर्बीण यांनी २०२३ च्या आरंभी शोधलेला धूमकेतू २७ सप्टेंबर २०२४ रोजी सूर्यापासून सुमारे ५ कोटी ८६ लक्ष किलोमीटर अंतरावरून गेला. त्यापूर्वी जुलैमध्ये एका नामांकित धूमकेतुतज्ज्ञाने तो सूर्याजवळ पोहोचण्यापूर्वीच फुटेल असे भाकीत केले होते. तो फुटला नाही. १२ ऑक्टोबरला, म्हणजे त्या वर्षीच्या विजयादशमीला, तो पृथ्वीला सर्वाधिक जवळ, सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला. त्या सुमारास तो सूर्यास्तानंतर पश्चिमेस शुक्र व स्वाती यांच्या दरम्यान दिसू लागला. पुढे तो रोज संध्याकाळी वर चढत गेला. पण कोजागिरीचा चंद्रही त्याच दिवसांत वाढत होता आणि चांदण्यात त्याचे पुच्छ फिके पडत गेले.

त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो पृथ्वी व सूर्य यांच्या दरम्यान आला, तेव्हा त्याचे तेज काही दिवस एकदम वाढले. गोरजाच्या वेळी गुरे परत येताना मावळत्या सूर्याकडे तोंड करून पाहा. उडालेली धूळ सोन्यासारखी झळकते. सूर्याकडे पाठ करून पाहा; तीच धूळ मळकट दिसते. धुळीचे बारीक कण प्रकाश पुढच्या दिशेस अधिक फेकतात, त्याचा हा परिणाम. धूमकेतूच्या धुळीचेही तसेच घडले. हा प्रयोग शिकविण्यास गावाच्या वेशीपलीकडे जावे लागत नाही.

आता निरीक्षणाची रीत सांगतो. ताऱ्यांच्या तेजाची मोजणी 'प्रत' या मापाने करतात. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज. आपल्या ओळखीच्या ताऱ्यांतूनच एक पट्टी तयार करता येते. स्वाती शून्य प्रतीची, चित्रा पहिल्या, ध्रुव दुसऱ्या, सप्तर्षींतील सर्वांत मंद तारा अत्री सव्वातीनच्या आसपास आणि वसिष्ठाजवळची अरुंधती चौथ्या प्रतीची. धूमकेतू यांपैकी कोणाहून मंद व कोणाहून तेजस्वी, हे ठरविले की अंदाज झाला. तुलनेचा तारा मात्र शक्यतो धूमकेतूइतक्याच उंचीवरचा घ्यावा, कारण क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत सर्वच तेजे मंदावतात.

येथे एक सावधगिरी हवी. तारा हा बिंदू आहे. धूमकेतूचा प्रकाश पसरलेला असतो. चिमूटभर नीळ पेल्यात टाकली तर गडद दिसते, बादलीत टाकली तर फिकी, नीळ तेवढीच. म्हणून दुसऱ्या प्रतीचा धूमकेतू ध्रुवासारखा ठसठशीत दिसेल असे मुलांना कधीही सांगू नये. तुलना करताना द्विनेत्री थोडी अस्पष्ट करून तारेही पसरट दिसतील असे करावे. ज्यांना लांबचे दिसत नाही म्हणून चष्मा आहे, त्यांनी तो काढून पाहिले तरी हेच काम साधते.

अंतर मोजण्यास हात पुरेसा आहे. हात लांब केला असता करंगळीची रुंदी सुमारे एक अंश आणि मुठीची सुमारे दहा अंश भरते. मूठ तपासून घेण्यासाठी ध्रुवाचा उपयोग करावा. आपला जिल्हा सुमारे साडेवीस अक्षांशावर असल्याने ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी उंच दिसला पाहिजे.

जागा निवडताना गावाची ठेवण पाहावी. घाटावरील चिखली, मेहकर, लोणारच्या माळांवर क्षितिज मोकळे मिळते. घाटाखाली जळगाव जामोद व संग्रामपूर भागांत उत्तरेस सातपुडा आडवा येतो. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू संध्याकाळी वायव्येस क्षितिजालगत होता. अशा प्रसंगी डोंगराच्या पायथ्याचा शिक्षक आणि माळावरचा शिक्षक यांना एकच सूचना देऊन भागत नाही. शिवाय तो पावसाळा होता आणि महासाथीमुळे शाळाही बंद होत्या.

भीतीचा प्रश्नही येतोच. १९१० च्या मे महिन्यात पृथ्वी हॅलीच्या पुच्छातून जाणार, त्यातील विषारी वायूने माणसे मरणार, अशी हूल युरोप-अमेरिकेतसुद्धा उठली होती. कोणासही काही झाले नाही. आपल्या जिल्ह्यातील मुले तर हटकून विचारतील, "लोणारसारखा आदळला तर?" प्रश्न रास्त आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बाहेरून आलेल्या पिंडाच्या आघातानेच काळ्या खडकात निर्माण झाले आहे. या प्रश्नाला धीर देणारे उत्तर मार्गाच्या गणितातून द्यावे. २०२४ चा धूमकेतू अगदी जवळ आला तेव्हाही तो चंद्राच्या १८० पटींहून अधिक दूर होता, आणि हे कित्येक महिने आधीच ठाऊक होते. ज्या गोष्टीत शास्त्र निश्चित आहे, तेथे शिक्षकाने निश्चितपणे बोलावे.

यास्तव माझ्या पुढील सूचना आहेत.

१. धूमकेतूची वार्ता आली की फळ्यावर दोन रकाने आखावेत: 'निश्चित' व 'अंदाज'. तारीख, वेळ, दिशा व उंची पहिल्यात. तेज व पुच्छाची लांबी दुसऱ्यात.

२. मुलांना प्रथम तारे दाखवावेत. स्वाती, चित्रा, ध्रुव ओळखता आल्यावाचून धूमकेतू दाखविण्याची घाई करू नये. आकाशाने निराश केले तरी त्या रात्रीची कमाई हाती राहते.

३. एक वही ठेवून तीत तारीख, वेळ, जागा, चंद्र व ढगांची स्थिती, अदमासे प्रत आणि पुच्छाची लांबी लिहावी. दिसला नाही, तर 'दिसला नाही' असे स्पष्ट लिहावे. तीही नोंदच होय.

४. पुढील दिवसांची प्रत मुलांकडून आधी लिहून घ्यावी आणि मग प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. अंदाज चुकला म्हणून कोणास हसू नये. का चुकला ते विचारावे.

५. सूर्य पूर्ण मावळल्यावाचून द्विनेत्री त्या दिशेस वळवू देऊ नये. डोळ्यांस कायमची इजा होते.

अशा नोंदी केवळ शाळेपुरत्या राहत नाहीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे. स्लोव्हेनिया देशातील चर्नी व्रह वेधशाळेने जगभरच्या निरीक्षकांनी केलेल्या तेजाच्या नोंदींचा संग्रह चालविला आहे. पुढील अंदाज सुधारतात ते अशाच नोंदींच्या आधारे.

हॅलीचा धूमकेतू २०६१ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस पुन्हा सूर्याजवळ येईल. आज पहिलीत बसलेली मुले तेव्हा चाळिशीत असतील. तारीख आजच सांगता येते. तेज त्यांनी त्या वेळी मोजावयाचे आहे, आणि विदर्भातील पावसाळी ढगांचा जाब कोणत्याही गणिताला विचारता येणार नाही. त्या वेळी आपल्या मुलाबाळांना घेऊन माळावर जाणाऱ्या त्या प्रौढांना निश्चित काय आणि अंदाज काय हे वेगळे करता आले, म्हणजे आपले आजचे शिकविणे कारणी लागले असे समजावे.