आधी लसावि, मग चढ

अध्यक्ष महाराज, आणि सुट्टीतही मुलांना घेऊन आलेल्या पालकांनो,

रेषेचा चढ दहावीच्या निर्देशक भूमितीत तुम्ही सगळ्यांनी काढलाय. उभ्या अंतराला आडव्या अंतराने भागायचं, झालं. माझं भांडण आहे ते वेगळ्याच सवयीशी. निर्देशकांत अपूर्णांक दिसला रे दिसला की मुलं त्याचा दशांश करतात. तो करू नका, एवढं सांगायलाच मी आज उभा आहे.

फळ्यावर बघा: (१/३, १/६), (१/२, २/३) आणि (१, १३/६). हे बिंदू एकरेषीय आहेत का? दोन स्थळांपर्यंत दशांश घेतले, तर पहिल्या दोघांतला चढ ०.५० भागिले ०.१७, म्हणजे २.९४. पुढच्या दोघांतला १.५० भागिले ०.५०, म्हणजे ३. मुलगा ‘एकरेषीय नाहीत’ लिहून मोकळा. अहो, आहेत!

(मागून: ‘सर, कॅल्क्युलेटर देऊ का?’) राहू दे खिशातच. (हशा)

छेद ३, ६ आणि २. लसावि ६. सगळ्या निर्देशकांना ६ ने गुणा: (२, १), (३, ४), (६, १३). आता चढ ३/१ आणि ९/३. दोन्ही ३. उभं आणि आडवं अंतर सारखंच सहापट झालं, म्हणून गुणोत्तर जागचं हललं नाही. क्ष-निर्देशकांना एका संख्येने आणि य-निर्देशकांना दुसरीने गुणलंत, तर मात्र खरा चढ हातचा गेला.

‘व्यवहारात दशांशच चालतो,’ असं कुणीतरी पुटपुटलं. मग बोरघाटात चला. १८६३ साली तिथून रेल्वे सुरू झाली. तिथला सर्वांत तीव्र चढ सांगतात ३७ ला १ असा: ३७ मीटर पुढे, तर १ मीटर वर. पुण्याकडे निघालेल्या कितीतरी गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. आपण वडा घेऊन जागेवर येतो तोवर जोडणी होते, डब्याला हलका धक्का बसतो. रुळांच्या कडेला चढाचा खांब असतो, त्याचा हात कललेला, आणि हातावर नुसता छेद. अंश १, तो लिहीतच नाहीत! आता हाच १/३७ दशांशात ०.०२७ च्या आसपास. कुणी सोयीसाठी ०.०३ केला, तर घाट जवळजवळ ३३ ला १ होऊन बसतो. इंजिनाला तो फरक चांगलाच कळेल.

घाटात फार रमलो. अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. दोन रेषांच्या लंबतेचं उदाहरण सोडून देतो. पण पुढच्या रांगेतल्या मुलीचा प्रश्न घ्यायलाच हवा: (३/४, १/५) आणि (३/४, २/३) यांचं काय? बाळ, लसावि ६०. गुणून (४५, १२) आणि (४५, ४०). उभं अंतर २८, आडवं शून्य. शून्याने भागता येत नाही, तेव्हा या रेषेचा चढ सांगता येत नाही. आणि हे तुला गुणायच्या आधीही दिसलं असतं, दोन्हीकडचे ३/४ नुसते डोळ्यांनी पाहून.