मागून येणाऱ्यांसाठी रस्ता



मी याच मेहकर तालुक्यातला. सैन्यातली माझी सगळी नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये झाली. रस्ते करायचे, पूल बांधायचे, सुरुंग काढायचे, हे आमचं काम. आज आमच्याच दलातल्या एका अधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. मेजर रामा राघोबा राणे.

कारवारजवळच्या चेंडिया गावी २६ जून १९१८ला त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई. १९४०मध्ये ते साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांत काश्मीरच्या लढाईत नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांची कसोटी लागली.

८ एप्रिल १९४८. रणगाड्यांपुढचे सुरुंग काढायला तुकडी सज्ज होती, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान गेले. स्वतः राण्यांसह पाच जण जखमी झाले. राण्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि कामाला लावलं. त्या दिवशी रात्री दहापर्यंत ते समोरून येणाऱ्या मशिनगनच्या गोळ्यांत राबत होते.

मुलांनो, सुरुंग शोधताना संगीन जमिनीत तिरकी खुपसतात. सरळ खुपसली तर सुरुंगाच्या माथ्यावर दाब पडतो. तिरकी गेली तर ती कडेला टेकते. वीतभर जमीन तपासायची, मग वीतभर पुढे सरकायचं. तुमची आई शेतात खुरपायला बसते, तेव्हा एक तास सोडून पुढे जात नाही ना? अगदी तसं. घाई केली की संपलं.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा कामाला लागले. रस्त्यात आडवी पाडलेली झाडं, सुरुंगानं उडवलेले बांध. साडेदहापर्यंत वाट मोकळी झाली. रणगाडे पुढे तवी नदीच्या पात्रातून याच रस्त्यावरच्या चिंगसला पोचले. राण्यांना आता थांबता आलं असतं. पण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना रस्ताच लागणार होता. म्हणून अंगावर जखमा असताना, अन्नाचा कण पोटात नसताना, ते रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला.

त्यांना परमवीर चक्र मिळालं. हयातीत हा सन्मान मिळालेल्या पहिल्या वीरांपैकी ते एक. १९९४मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

तुमच्यातले काही जण उद्या अकोल्याला, पुण्याला शिकायला जातील. तुम्ही त्या रणगाड्यांसारखे नदीच्या पात्रातून पुढे निघून जाल, हुशार आहात. पण तुमच्या मागे याच पैनगंगेकाठच्या गावांतली धाकटी भावंडं येणार आहेत. कुठला फॉर्म कधी भरायचा, वसतिगृह कसं मिळवायचं, हे त्यांना सांगा. जुनी पुस्तकं त्यांच्या हाती द्या. राणेसाहेबांना मी सलाम करतो. तुम्ही त्यांच्यासारखा मागच्यांसाठी रस्ता करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!