मालगाडीची छायाचित्रे



मला छायाचित्रे काढण्याचा नाद आहे, आणि तोही मालगाड्यांचा! हसू नका बरे.

मुरगावहून कॅसल रॉककडे १८८८ साली आगगाडी धावू लागली. घाटाखाली पोर्तुगीजांचा गोवा, घाटमाथ्यावर इंग्रजांचा अंमल. १९५५ साली सरहद्दीवरची ही वाहतूक बंद पडली. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर पुन्हा सुरू झाली. १९९० नंतर तिथले मीटरगेज रूळ जाऊन ब्रॉडगेज आले. ते जुने रूळ निघण्यापूर्वी मी दूधसागरच्या घाटात उभी राहिले. सदतीस फुटांना एक फूट चढ, म्हणून गाडीला पुढे इंजिन तसे मागेही. मालगाडीला वेळापत्रक नसते. छत्रीखाली तासन्‌तास वाट पाहावी लागे.

खनिजाच्या डब्यांचे चित्र कशाला, असे लोक विचारीत. माझ्या आजीचे माहेर मुळशी धरणाच्या पाण्यात गेले. तिथल्या ओसरीचे, जात्याचे एकही चित्र आमच्यापाशी नाही. रोजचे म्हणून ते कोणी टिपलेच नाही.

तेव्हा भगिनींनो, लग्नातली चित्रे जपताच. आपली चूल, आपले अंगणही एकदा टिपून ठेवा.