विचारायला शिकताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी नांदगाव खंडेश्वरचा. खंडेश्वराचं हेमाडपंती देऊळ, कापूस, तूर आणि सोयाबीन ही आमच्या गावाची ओळख. घरात हिंदी, दारात वऱ्हाडी आणि कविता मराठीत, अशी माझी तीन भाषांची वहिवाट. शिक्षण म्हणाल तर बी.ए. त्यात समाजशास्त्र होतं, ते मी परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून सोडवलं. अशा माणसानं मानसशास्त्र आणि समाजशास्त्राच्या संशोधकांना कसं शिकवावं यावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हे संशोधक ज्यांच्या ओसरीवर येऊन बसतात, त्या लोकांपैकी मी एक आहे. तेवढ्याच अधिकारानं बोलतो.

२००६ साल आठवा. जुलै महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात आमच्याकडे गाड्या भरभरून माणसं यायची. पत्रकार, अधिकारी, पाहणी करणारे. त्याच्या आदल्या वर्षी माझा एक शेतकरी मित्र स्वतःच्या हातानं गेला होता. त्याच्या घरी एक दिवस एक तरुण मुलगा छापील फॉर्म घेऊन आला. मी तिथंच बसलो होतो. प्रश्नांची लांबलचक यादी. कर्ज किती, जमीन किती, मुलं किती. मग प्रश्न आला, "मृत व्यक्ती व्यसनी होती का? होय की नाही?"

वहिनी म्हणाल्या, "पोयाले घेत होते."

पोयाले म्हणजे पोळ्याच्या सणाला. वर्षातून एकदा, बैल सजवून झाल्यावर, चार मित्रांत. त्या मुलानं मान हलवली आणि 'होय'च्या चौकटीत खूण केली. मला ती खूण दिसली. मी काही बोललो नाही. शब्दांवर पोट नसलं तरी नाव शब्दांवर असलेला मी माणूस, आणि एका शब्दाचा असा घात होताना गप्प बसलो. पुढे कुणी भाषणात म्हणालं की शेतकरी दारूनं मरतो, की मला ती चौकट आठवायची.

तो मुलगा वाईट नव्हता. त्यानं पाणी मागून घेतलं, जाताना नमस्कार केला. त्याला फॉर्म भरायला शिकवलं होतं, विचारायला शिकवलं नव्हतं. दुसरीही एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. आमच्याकडे कागद घेऊन आलेला प्रत्येक जण तहसीलचा माणूस वाटतो. आत्महत्येचं प्रकरण मदतीला 'पात्र' की 'अपात्र', याच्या फेऱ्यांत ते घर आधीच दमलं होतं. हा फॉर्म त्या मदतीसाठी नाही, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, हे आधी सांगणं त्याचं काम होतं. ते न सांगितल्यामुळं वहिनींना वाटलं, उत्तर दिलंच पाहिजे.

आता माझी भाची अमरावतीला मानसशास्त्रात एम.ए. करते. तिच्या तोंडी 'गाईड' म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक. तिच्यामुळं मला कळलं की विचारण्याचंही एक शास्त्र आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या पहिल्याच वर्षी संशोधन पद्धती हा सक्तीचा विषय असतो. पुढे पीएच.डी.ला गेलं की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आधी पूर्ण करावा लागतो आणि त्यात संशोधनातल्या नीतीचा भाग असतो. नमुना कसा निवडायचा, संमती कशी घ्यायची, आकडे कसे वाचायचे, हे सगळं त्यात येतं.

एकदा मी तिला विचारलं, "बेटा, ज्या घरात माणूस गेला तिथं जाणं समजतं. पण ज्या घरात काहीच झालं नाही, तिथं जाऊन काय विचारायचं?" ती म्हणाली, "मामू, तेच तर महत्त्वाचं." आणि तिनं उदाहरण दिलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनं २००५ साली शेतकरी आत्महत्यांच्या कारणांवर अहवाल दिला. पुढच्या वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. त्यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या आत्महत्या झालेल्या १११ घरांचा अभ्यास केला. पण तेवढ्यावर न थांबता आत्महत्या न झालेल्या शेतकऱ्यांच्या घरांशी त्यांची तुलना केली. कारण सोपं आहे. गेलेल्याच्या घरी कर्ज सापडलं आणि शेजारच्या घरीही तेवढंच सापडलं, तर नुसत्या कर्जानं उत्तर पूर्ण होत नाही. दोन्ही घरांत फरक कुठं पडला, ते शोधावं लागतं. हे ऐकल्यावर मला माझा मित्र आठवला. पोळ्याला घेणारे तर त्याच्या आळीत सगळेच होते.

आता शब्दांकडे येतो, कारण तिथं माझी आणि भाचीची खडाजंगी झाली. मनाची उदासी मोजायला जगभर नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं विचारायचं आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण २७ गुण. यादी मूळची इंग्रजी. तिचं मराठी करताना एकजण भाषांतर करतो, दुसरा मूळ न बघता त्याचं पुन्हा इंग्रजी करतो आणि मग दोन्ही ताडून बघतात. चांगली रीत आहे. पण आमच्याकडची म्हातारी बाई "मला निराश वाटतं" असं म्हणतच नाही. ती म्हणते, "जीव कायीत लागत नाई." ती म्हणते, "रातभर डोया लागत नाई." आणि दोन आठवडे ती कॅलेंडरवर मोजत नाही, बाजारावर मोजते. मागचा बाजार, त्याच्या मागचा बाजार.

मी भाचीला म्हटलं, जसं घर तसा शब्द वापर. ती म्हणाली, "नाही मामू. प्रत्येक घरी वेगळा शब्द वापरला तर प्रत्येक घरी वेगळं माप होईल. मग बेरीज कशाची करायची?" कवी म्हणून मला हे पटेना. आम्ही एकेका शब्दासाठी रात्र घालवतो, ती तो अगदी नेमका बसावा म्हणून. पण मापारी दर पोत्याला वजन बदलू लागला तर बाजार कसा चालेल? शेवटी तिच्या बाईंनी मार्ग दाखवला. आधी थोड्या घरांत जा, लोक काय बोलतात ते ऐका, त्यातला सगळ्यांना कळणारा शब्द ठरवा, तो तपासून घ्या आणि मग सगळीकडे तोच वापरा. याला पूर्वचाचणी म्हणतात. माझ्या मते संशोधकाच्या शिक्षणाचा हा गाभा आहे. आधी कानानं काम करायचं, नंतर पेननं.

असं काम आपल्या जिल्ह्यात झालेलंही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवलं, समुपदेशक नेमले, डॉक्टरांशी दुवा जोडला. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चारजण उपचारापर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी सत्तावीस पोचले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. नीट विचारलं म्हणून हे कळलं, आणि गावातलीच माणसं तयार केली म्हणून हे घडलं.

गाईडचाही विषय काढला पाहिजे. आपल्याकडे गाईडला आवडेल तेच शोधून काढणारे संशोधक कमी नाहीत. त्यांनी इरावती कर्वे आठवाव्यात. मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्या समाजशास्त्र शिकल्या आणि पुढे बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशाशी जोडलेला आहे, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशात, पंचविशीतल्या मराठी मुलीनं! मोजून जे आलं ते लिहायचं, हा धडा कुठल्याच श्रेयांकात बसत नाही. तो गुरूच्या वागण्यातून तरी मिळतो, नाही तर स्वतःच्या कण्यातून.

आणि पैशाचं बोलल्याशिवाय हे भाषण खोटं ठरेल. गावोगाव फिरायला एसटीचं भाडं लागतं, वेळ लागतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण ती थोड्यांच्या वाट्याला येते. अल्पसंख्याक मुलांसाठीची मौलाना आझाद शिष्यवृत्ती बंद होत असल्याचं डिसेंबर २०२२मध्ये जाहीर झालं. आमच्या घरात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोललं नाही. पैसा नसला की विद्यार्थी गावात जायचं टाळतात, ओळखीच्यांकडून फॉर्म भरून घेतात, आणि मग चौकटीतल्या खोट्या खुणांवर प्रबंध उभे राहतात. माझं विद्यापीठांना एवढंच मागणं आहे. विद्यार्थ्याच्या गावभेटीचा खर्च द्या, आणि गाईडनंही निदान एकदा त्याच्याबरोबर ओसरीवर बसावं.

मागच्या महिन्यात भाचीबरोबर पूर्वचाचणीसाठी फिरलो. एका घरी आजीबाई म्हणाल्या, "कायले इचारता बाई? मांगं इचारून गेले, ते परत आले का?" भाचीनं पेन मिटलं. म्हणाली, "आजी, मी परत येईन. काय सापडलं ते मराठीत दोन पानांवर लिहून आणीन आणि वाचून दाखवीन." आणखी एका घरी बाईंना रडू आलं. तिथं तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही, तशीच बसून राहिली. उठताना 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी मदतीचा मोफत क्रमांक लिहून दिला. श्रोतेहो, तुम्हीही तो लिहून ठेवा. लाजायचं काही कारण नाही.

परतताना मी तिला तो २००६चा प्रसंग सांगितला. विचारलं, तू असतीस तर व्यसनाचं कसं विचारलं असतंस? ती म्हणाली, "होय-नाही असं विचारलंच नसतं. केव्हा घेत होते, किती, कुणाबरोबर, त्यानं कामात खंड पडायचा का, असं एकेक विचारलं असतं. पोळ्याला घेणारा आणि रोज घेणारा एका चौकटीत बसत नाही, मामू."

वीस वर्षांनी का होईना, उत्तर मिळालं. मी वहिनींना निरोप पाठवला आहे, माझी भाची भेटायला येईल म्हणतेय, चालेल का? अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही. त्या नाही म्हणाल्या, तर आम्ही जाणार नाही. हो म्हणाल्या, तर मी ओसरीच्या कडेला बसेन आणि या वेळी खूण चुकीची पडली, तर बोलेन.