पत्ता जपून ठेवा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दिवसभर संगणकापुढे बसणारी मी आज हाताने लिहिलेल्या पत्रांबद्दल बोलणार आहे, म्हणून काहींना हसू आलं. पण आपल्या जवाहरनगरच्या माणसांना हा विषय इतरांपेक्षा जास्त लागू पडतो.

आपण ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलो. वडील निवृत्त झाले की क्वार्टर सोडायचं, हा नियम. मग कुणी भंडाऱ्याला गेलं, कुणी नागपूरला, कुणी थेट आपल्या मूळ राज्यात. गावच्या माणसाचं घर निदान जागेवर असतं. आपल्या क्वार्टरमध्ये आज दुसरंच कुटुंब राहतं. 441906 हा पिनकोड अजून पाठ आहे, पण त्यावर आपल्यापैकी फार थोड्यांना पत्र मिळेल. ही पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवी. सहा आकडे पत्राला बरोबर पोस्टापर्यंत नेतात. पुढचं माणसाने सांभाळायचं.

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली. आपल्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप दिवसरात्र वाजत होता. त्यात आपल्या एक बाई मात्र नव्हत्या. त्या नागपूरला एकट्या राहत होत्या, मुलगा परदेशात. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोनवर बोलणं "मी बरी आहे, तू कशी आहेस?" यापुढे जात नसे. बाईंच्या परवानगीने हे सांगते आहे. नाव सांगत नाही.

मी पत्र लिहायचं ठरवलं. टाळेबंदीतही पोस्टाला सूट होती. अडलं ते पत्त्यापाशी. निवृत्तीनंतर बाईंनी दोनदा घर बदललं होतं. शेवटी पत्ता सापडला तो एका मैत्रिणीने मुलाच्या मुंजीसाठी केलेल्या यादीत! उत्तर यायला तीन आठवडे लागले. चार पानं होती. पहिल्या पानावर "मी बरी आहे" होतंच. तिसऱ्या पानावर बाईंनी लिहिलं होतं की रात्री काही झालं तर दारावरची थापसुद्धा ऐकू येणार नाही, या भीतीने झोप लागत नाही. आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्या दिवसाआड घेत होत्या, कारण आणायला कुणी नव्हतं.

फोनवर हे कधीच कळलं नसतं. त्याच आठवड्यात नागपूरच्या आपल्या दोन वर्गमित्रांनी गोळ्या पोचवल्या, शेजारच्या घरी एक किल्ली ठेवली आणि रोज सकाळी एकजण खिडकीतून हात करून जाऊ लागला. आमची पत्रं पुढे वर्षभर चालली. फोनवर समोरचा थांबलेला असतो, म्हणून आपण घाईने बरं सांगून मोकळे होतो. पत्रात मनातलं यायला तिसरं पान लागतं, आणि तिथपर्यंत जायला सवड मिळते.

ज्यांचं नाव आपल्या वसाहतीला आहे, त्या नेहरूंनीही 1930 ते 1933 या काळात, बहुतेक तुरुंगात असताना, मुलीला 196 पत्रं लिहिली. त्यातली काही वर्षं इंदिरा पुण्याच्या शाळेत होत्या. त्यांची पत्रं जगाच्या इतिहासाची होती. आपली गोळ्यांची आणि झोपेची असली तरी चालतील.

माझी एवढीच विनंती आहे. या स्मरणिकेच्या शेवटी संपर्क यादी येणार आहे. तिथे मोबाइल नंबर देऊन थांबू नका. घर क्रमांक, गल्ली, पिनकोड असा पूर्ण पत्ता द्या आणि घर बदललं की समितीला कळवा. जे गुरुजन आज येऊ शकले नाहीत, त्यांचे पत्ते आपण वाटून घेऊ. प्रत्येकाने एका शिक्षकाला दिवाळीच्या आधी एक पत्र लिहायचं. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळतं, पण शक्यतो पाकीट घ्या. पोस्टकार्डाला तिसरं पान नसतं.