पटावर कोण आहे, आणि कोण नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीला एक प्रश्न विचारते. आपल्यापैकी कुणाकुणाची मुलं महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली? हात वर करा. मोजकेच हात दिसतात. त्यात माझा नाही. माझा मुलगा खाजगी इंग्रजी शाळेत शिकला. तेव्हा आज मी जे बोलणार आहे, ते कुणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही.

मला अमेरिकेतल्या एका तालुक्याएवढ्या भागाची हकिकत सांगायची आहे. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या, काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे तिकडचा वर्णाचा प्रश्न आणि इकडचा जातीचा प्रश्न शेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. दोन्ही एकच नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण शाळेच्या दारापाशी दोन्हींचं वागणं फार सारखं दिसतं.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. तिथे 1951 साली गोऱ्यांची शाळा वेगळी आणि काळ्यांची वेगळी होती. काळ्यांच्या मोटन हायस्कूलची इमारत 180 मुलांसाठी बांधलेली, आणि मुलं साडेचारशेच्या वर. जास्तीच्या मुलांसाठी डांबरी कागद लावलेल्या शेड उभारल्या होत्या. त्या पावसात गळायच्या, आणि थंडीत मुलं अंगात कोट घालून बसायची. बार्बरा जॉन्स नावाच्या 16 वर्षांच्या मुलीने 23 एप्रिल 1951 रोजी युक्तीने मुख्याध्यापकांना बाहेर पाठवलं, सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि संप पुकारला. मुलं वर्गाबाहेर पडली.

मुलांची पहिली मागणी चांगल्या इमारतीची होती. त्यांच्या मदतीला आलेल्या वकिलांनी सांगितलं, आम्ही वेगळ्या पण चांगल्या शाळेसाठी लढणार नाही, एकत्र शाळेसाठी लढू. पालक आणि मुलं तयार झाली. हा दावा आणखी चार दाव्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 17 मे 1954 रोजी वर्णावरून मुलांना वेगळं बसवणं घटनाविरोधी ठरलं. ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल म्हणतात तो हाच.

आपण म्हणू, जिंकलो. पण पुढचं ऐका. 1959 साली एकत्र शाळा सुरू करण्याचा हुकूम आला, तेव्हा काउंटीच्या कारभाऱ्यांनी सरकारी शाळांना पैसाच द्यायचा नाही असं ठरवलं. सगळ्या शाळांना कुलूप लागलं. गोऱ्यांच्या मुलांसाठी लगेच खाजगी शाळा उघडली, आणि तिच्या फीसाठी काही काळ सरकारी अनुदानही मिळालं. सुमारे 1,700 कृष्णवर्णीय मुलांना शाळाच उरली नाही. काहींना आईबापांनी दुसऱ्या काउंटीत नातेवाइकांकडे ठेवलं. चर्चच्या तळघरांत बायकांनी जमेल तसं शिकवलं. बरीच मुलं मात्र तशीच राहिली. फी न झेपणारी काही गरीब गोरी मुलंही घरी बसली. 1964 साली न्यायालयाच्या आदेशानंतर शाळा उघडल्या. पाच वर्षं गेली. पहिलीत जायच्या वयाची मुलगी अकरा वर्षांची झाली होती.

दक्षिणेत अशा खाजगी शाळा ठिकठिकाणी निघाल्या. 1976 साली न्यायालयाने सांगितलं की खाजगी शाळेलाही वर्णावरून प्रवेश नाकारता येणार नाही. ‘काळ्यांना प्रवेश नाही’ ही पाटी गेली, पण फी राहिली. आज अमेरिकेच्या सरकारी शाळांत गोरी मुलं निम्म्याहून कमी आहेत, 2021 साली ती सुमारे 45 टक्के होती. खाजगी शाळांत मात्र ती दोन-तृतीयांशाच्या आसपास आहेत. सरकारी शाळासुद्धा वस्तीप्रमाणे विभागलेल्या आहेत, हे खरंच. पण ज्यांचा आवाज वर पोचतो ते पालक ज्या शाळेतून निघून जातात, त्या शाळेचं गळकं छप्पर कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

आता आपल्याकडे या. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यातल्या कलमाने विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या पहिल्या इयत्तेच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या जागा देण्यातून सूट. शहरात अशी शाळा कुठे नसते? नियमात जातीचा शब्दही नव्हता, पण बाहेर कोण राहणार हे आपल्याला सांगावं लागत नाही. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या म्हणून हे झालं.

पण एक भेद असा आहे की तो कुठल्याच न्यायालयात जात नाही, कारण तो घरात होतो. वस्तीत फिरताना एका घरात मी विचारलं, मुलं कुठे जातात? आई म्हणाली, “धाकटा इंग्लिश मीडियमला, पोरगी महापालिकेच्या शाळेत. दोघांची फी कुठून आणायची, ताई?” मी काही बोलू शकले नाही. माझ्या माहेरी हेच झालं होतं. भाऊ फीच्या शाळेत, मी नगरपालिकेच्या. मला तिथे चांगल्या बाई भेटल्या, मी शिकले. पण पैसा कुणासाठी काढायचा हे माझ्या जन्मावरून ठरलं होतं, हे मी विसरलेली नाही. म्हणून सरकारी शाळा बिघडते तेव्हा ती सगळ्यांत आधी मुलींची शाळा बिघडते.

मग आपण काय करायचं? घरी जाऊन मुलांचे दाखले काढा, असं मी म्हणणार नाही. स्वतः जे केलं नाही ते तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? पण दोन कामं आजपासून होऊ शकतात. एक, आपापल्या भागातल्या सरकारी आणि खाजगी शाळेचा पट मिळवा. मुली किती, मुलगे किती, कोणत्या वस्तीतले, राखीव जागांवर खरोखर किती मुलं बसली, हे मांडा. दोन, त्याच कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. बऱ्याच ठिकाणी बाईची नुसती सही घेतात. तिला बैठकीला नेऊया, छपराचा आणि संडासाचा प्रश्न तिलाच विचारू द्या.

बार्बरा जॉन्सने परवानगीची वाट पाहिली नव्हती. आपल्या मुलींच्या शाळेसाठी आपण तरी कुणाची वाट पाहतो आहोत?